बर्गंडीचे कौटुंबिक द्राक्षमळे

बर्गंडीचे कौटुंबिक द्राक्षमळे : फ्रान्सच्या पूर्वमध्य भागातील बर्गंडी (फ्रेंच–बूर्गोन्य) ह्या प्रदेशात द्राक्षलागवड, वाइननिर्मिती व वाइनची विक्री ही तिन्ही कामे एकाच कुटुंबाकडे असलेल्या लहान मळ्यांची परंपरा. अशा मळ्यास तळघर व मद्यशाळा यांसह ‘दोमेन’ म्हणतात आणि तो कसणाऱ्यास ‘वीन्येराँ’ ही संज्ञा आहे. बर्गंडीत सु. ३०,००० हेक्टर क्षेत्र द्राक्षवेलींखाली असून ते साडेतीन हजारांच्या आसपास दोमेनमध्ये विभागलेले आहे. एका कुटुंबाकडे बहुधा ५ ते १० हेक्टर जमीन असते आणि तीही एकसंध नसून अनेक गावांच्या शिवारांत विखुरलेली असते. ह्या व्यवस्थेस लोक मध्ययुगीन समजतात. वेली आणि मळ्यांची नावे खरोखरच मध्ययुगीन किंवा त्याहूनही जुनी आहेत. परंतु स्वतःच्या जमिनीत पिकवून स्वतःच्या नावाने बाटली भरणारे शेतकरी कुटुंब ही घटना मात्र मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. वारसाहक्काचे कायदे, वेलींवरील रोग आणि बाजारातील भेसळ यांच्या दडपणाखाली ते कुटुंब घडले.

भूमी व वेली : ह्या परंपरेचे हृदय म्हणजे कोत दॉर हा डोंगरउतार. दीझाँ शहराच्या दक्षिणेपासून सु. ५० ते ६० किमी. पसरलेला हा पट्टा अरुंद असून त्याचे तोंड मुख्यतः पूर्वेस व आग्नेयेस आहे. त्याच्या उत्तर भागास ‘कोत द न्वी’ व दक्षिण भागास ‘कोत द बोन’ म्हणतात. जमीन चुनखडक व चुनखडीयुक्त चिकणमाती यांची असून काही पावलांच्या अंतरावर तिचा पोत, खोली व निचरा बदलतो. उताराच्या मध्यावरील जमीन उत्तम मानली जाते. माथ्यावर माती विरळ असते, तर पायथ्याशी ओल फार साचते. तांबड्या वाइनसाठी पिनो न्वार व पांढऱ्या वाइनसाठी शार्दोने ह्या जाती प्रामुख्याने लावतात. निश्चित सीमा व स्वतंत्र नाव असलेल्या मळ्याच्या तुकड्यास ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ क्लिमांचा समावेश असलेल्या ह्या भूप्रदेशास २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

मठ व सरदार : झेव्रे-शांबेर्तँ येथील उत्खननात इ. स. पहिल्या शतकातील वेलींच्या लागवडीचे खड्डे सापडले आहेत. चौथ्या शतकाच्या आरंभी ऑतँ नगराच्या एका वक्त्याने कॉन्स्टंटाइन बादशहासमोर केलेल्या भाषणात ह्या भागातील मळ्यांच्या दुःस्थितीचे वर्णन आढळते. वेली जुनाट होऊन त्यांच्या मुळांचे जाळे झाले आहे, अशी तक्रार त्यात आहे. पुढे मळ्यांचा मोठा भाग क्लूनी व सीतो येथील ख्रिस्ती मठांकडे आला. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सीतोच्या मठातील सिस्टर्शियन पंथीयांनी बाराव्या शतकापासून एकेक तुकडा दानाने वा खरेदीने मिळवून क्लो द वूझो हा सु. ५० हेक्टरांचा, दगडी भिंतीने वेढलेला मळा तयार केला. कोणत्या तुकड्याची वाइन कशी उतरते, ह्याचे पिढ्यान्‌पिढ्या केलेले निरीक्षण ही मठांची मोठी देणगी होय. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने १३९५ मध्ये, भरपूर पिकणाऱ्या परंतु हिणकस मानल्या गेलेल्या गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यास अधिक पीक हवे आणि मालकास अधिक गुण हवा, हा तंटा त्यानंतरही शतकानुशतके चालू राहिला. ह्या सर्व काळात प्रत्यक्ष वेली जोपासणारा माणूस मजूर किंवा बटाईदार होता; जमीन त्याची नव्हती.

मजुराचे काम मोजण्याचे एकक ‘ऊव्रे’ हे होते. एका माणसास हाताने एका दिवसात जेवढ्या मळ्याची मशागत करता येते, तेवढे क्षेत्र म्हणजे एक ऊव्रे. ते ४२८ चौ. मी. भरते. हेक्टरी मापन रूढ होऊन दोन शतके लोटली, तरी कोत दॉरमधील शेतकरी आपली जमीन आजही ऊव्रेत सांगतात. जमिनीच्या मापातच माणसाच्या कष्टाची नोंद राहिली आहे.

क्रांती आणि वाटण्या : फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या मालकीची ठरून तिचे लिलाव झाले. क्लो द वूझो १७९१ मध्ये विकला गेला. ह्या विक्रीचा पहिला लाभ शेतमजुरांना फारसा झाला नाही. बहुतेक उत्तम मळे शहरातील वकील, व्यापारी व सावकार यांनी घेतले. परंतु त्याच काळात आलेल्या समान वारसाहक्काच्या तत्त्वास १८०४ च्या नागरी संहितेने कायमचे रूप दिले. थोरल्याच मुलास जमीन देण्याचा मार्ग बंद झाला व प्रत्येक पिढीत मुलामुलींमध्ये मळ्याच्या वाटण्या होऊ लागल्या. चांगल्या क्लिमाचा वाटा प्रत्येकास हवा असल्यामुळे वाटणी बहुधा तुकड्यातुकड्याने होई. क्लो द वूझो १८८९ पर्यंत एकसंध राहिला; त्या वर्षी त्याची विभागणी झाली आणि आज त्याच एका भिंतीच्या आत सु. ८० मालक आहेत. त्यांपैकी काहींकडे वेलींच्या मोजक्याच ओळी आहेत. अशा विभागणीमुळे मोठे मळे फुटले व थोडी बचत करणाऱ्या वीन्येराँस चार-दोन ऊव्रे विकत घेणे शक्य झाले. लग्नसंबंधांतून दोन घरांचे तुकडे एकत्र येत व पुढच्या पिढीत पुन्हा वेगळे होत.

रोगांचे शतक : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भुरी ह्या कवकजन्य रोगाने फ्रान्समधील वेलींना ग्रासले, गंधकाच्या फवाऱ्याने तो आटोक्यात आला. त्यानंतरचे संकट अधिक दारुण होते. अमेरिकेतून आलेला, वेलीच्या मुळांवर जगणारा फायलोझेरा हा सूक्ष्म कीटक १८६० नंतरच्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये दिसू लागला आणि १८७८ मध्ये तो कोत दॉरमधील म्यर्सो येथे आढळला. त्याच सुमारास केवडा हा दुसरा कवकरोग आला. त्यावर १८८५ मध्ये मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण हा उपाय मिळाला. फायलोझेरावर मात्र औषध नव्हते. जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडून काही काळ वेली वाचविता येत, पण तो खर्च लहान शेतकऱ्यास परवडणारा नव्हता. अखेर अमेरिकन वेलींच्या कीडप्रतिकारक खुंटावर स्थानिक जातीचे कलम बांधणे हाच मार्ग उरला.

ह्या बदलाने मळ्याचे रूपच पालटले. पूर्वी वेलीची फांदी जमिनीत दाबून नवी वेल उठवीत. ह्या दाब कलमाच्या पद्धतीमुळे हेक्टरी वीस हजारांहून अधिक वेली दाटीवाटीने, ओळीविना वाढत आणि सर्व मशागत कुदळीनेच करावी लागे. कलमी वेली मात्र ओळींत व तारांवर लावाव्या लागल्या. त्यांची संख्या हेक्टरी सु. १०,००० वर आली आणि ओळींमधून घोड्याचा नांगर फिरू लागला. कलम बांधण्याचे शिक्षण देणे गरजेचे झाले; बोन येथील द्राक्षविद्यालय १८८४ मध्ये ह्याच काळात स्थापन झाले. संपूर्ण पुनर्लागवडीचा खर्च आणि पहिली दोन वर्षे पिकाविना काढण्याची चिंता यांमुळे शहरात राहणाऱ्या अनेक मालकांनी मळे विकून टाकले. जमिनीचे भाव उतरले होते. ज्यांच्याकडे पैसा थोडा पण घरातील हातांचे श्रम भरपूर, अशा वीन्येराँ कुटुंबांनी हे तुकडे घेतले आणि स्वतः राबून ते पुन्हा उभे केले. अशा रीतीने ज्या संकटाने द्राक्षशेती बुडविली, त्यातूनच शेतकरी मालकांचा वर्ग वर आला.

स्वतःची बाटली : जमीन मिळाली, तरी बाजार हाती आला नव्हता. अठराव्या शतकापासून बोन येथे स्थिरावलेल्या ‘नेगोसियाँ’ ह्या व्यापारी पेढ्या शेतकऱ्यांकडून नवी वाइन पिंपाने विकत घेत, ती तळघरात मुरवीत, तिचे मिश्रण करीत आणि आपल्या नावाने विकीत. पॅरिस–दीझाँ लोहमार्ग १८५१ मध्ये सुरू झाल्यानंतर दक्षिणेकडील स्वस्त वाइनशी स्पर्धा वाढली. फायलोझेराच्या काळात माल कमी पडला, तेव्हा प्रसिद्ध गावांची नावे लावून बाहेरची वाइन विकण्याचे प्रकार बोकाळले. त्यामुळे खरा माल पिकविणाऱ्यास भाव मिळेना. १९०५ मध्ये भेसळप्रतिबंधक कायदा व १९१९ मध्ये उगमस्थानाच्या नावाचे संरक्षण करणारा कायदा झाला. त्यांच्या आधारे काही शेतकऱ्यांनी, आपला माल घेणाऱ्या पेढ्यांशीच झगडा मांडला. वॉल्ने येथील मार्की दांझेर्व्हिल व न्वी-सँ-झोर्झ येथील आंरी गूझ हे त्यांत प्रमुख होते. पेढ्यांनी त्यांच्याकडून खरेदी थांबविली, तेव्हा स्वतः बाटल्या भरून विकण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. झेव्रेचे आरमाँ रूसो व इतर काहींनी हाच मार्ग स्वीकारला. फ्रान्समध्ये १९२७ साली वाइनविषयक नियतकालिक सुरू करणारे रेमाँ बोदवँ आणि दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेत वाइन आयात करणारे फ्रँक स्कूनमेकर यांनी ह्या बाटल्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले.

जुलै १९३५ च्या आदेशाने नियंत्रित उगमनामाची पद्धत देशभर लागू झाली. कोणत्या क्षेत्रातील, कोणत्या जातीची, हेक्टरी किती पिकाची वाइन कोणते नाव धारण करू शकेल, हे तीनुसार ठरते. बाटलीवरील गावाचे वा क्लिमाचे नाव ही व्यापाऱ्याची खूण न राहता जमिनीशी जोडलेला हक्क झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ च्या कूळकायद्याने भाडेपट्ट्याने वा बटाईने मळे कसणाऱ्यांनाही दीर्घ मुदतीचे संरक्षण मिळाले. तरीही स्वतः बाटली भरणारी कुटुंबे बराच काळ अल्पसंख्यच होती. १९७० ते १९९० या काळात ही पद्धत सर्वसामान्य झाली. दक्षिणेकडील माकोने भागात शेतकऱ्यांनी सहकारी मद्यशाळांचा पर्याय अधिक प्रमाणात स्वीकारला.

मळ्याचे वर्ष : कुटुंबाचा दिनक्रम वेलीच्या वाढीवर ठरतो. पानगळीनंतर वेलीच्या बुंध्याशी मातीची भर देतात व हिवाळाभर छाटणी चालते. महाराष्ट्रातील द्राक्षबागेत वेलीस थंडीची पूर्ण विश्रांती नसते. तेथे एप्रिल व ऑक्टोबर ह्या सुमारास दोन छाटण्या करून एक पीक घेतात. बर्गंडीत वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वर्षातून एकच छाटणी पुरते. झ्यूल ग्वीयो ह्या एकोणिसाव्या शतकातील वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सर्वाधिक रूढ आहे : सहा ते आठ डोळ्यांची एक लांब काडी पिकासाठी व दोन डोळ्यांचा एक आखूड खुंटारा पुढील वर्षासाठी राखतात. त्यामुळे छाटणी करणाऱ्यास ह्या वर्षाचे पीक व पुढील वर्षाची वेल ह्या दोहोंचा विचार एकाच वेळी करावा लागतो. हजारो वेलींपैकी प्रत्येकीपुढे वाकून हा निर्णय घ्यावा लागत असल्याने हे काम कुटुंबातील जाणत्या माणसाकडे असते. छाटलेल्या काड्या पूर्वापार चाकांच्या शेगडीत मळ्यातच जाळीत.

जानेवारीच्या २२ तारखेस वीन्येराँचा रक्षक संत व्हिन्सेंट याचा सण असतो. त्याच्या नावाने गावोगावी परस्परसाहाय्यक मंडळे होती. एखादा सभासद आजारी पडला, तर इतरांनी त्याच्या मळ्याचे काम करून द्यावे, असा त्यांचा नियम होता. एका माणसाच्या हातावर चालणाऱ्या मळ्यात महिन्याचे आजारपण म्हणजे वर्षाचे पीक गमावणे असल्याने ह्या मंडळांचे महत्त्व धार्मिकतेपुरते नव्हते. १९३८ पासून दरवर्षी वेगळ्या गावी ह्या सर्व मंडळांची संयुक्त मिरवणूक निघते.

मार्चमध्ये छाटलेल्या काड्यांच्या टोकांतून रस ठिबकू लागतो. वेल जागी झाल्याची ती खूण होय. रसामुळे लवचिक झालेली काडी तारेवर वाकवून बांधतात. हे बांधणीचे काम आणि मे महिन्यात नको असलेले कोंब खुडण्याचे काम परंपरेने स्त्रियांकडे असे. हिशेब, गिऱ्हाइकांचे स्वागत व मजुरांचे जेवण हीही त्यांचीच कामे होती. परंतु कायद्याच्या दृष्टीने शेतकऱ्याच्या पत्नीस दीर्घकाळ स्वतंत्र स्थान नव्हते. १९९९ च्या कृषिकायद्याने तिला सहकारी जोडीदाराचा दर्जा दिला. अलीकडच्या दोन पिढ्यांत अनेक दोमेनची सूत्रे मुलींकडे आली आहेत.

एप्रिल हा भयाचा महिना असतो. फुटलेल्या कोवळ्या डोळ्यांवर पहाटेचे हिम पडले, तर काही तासांत पीक नष्ट होते. ११ ते १३ मे हे ‘हिमसंतांचे दिवस’ उलटेपर्यंत जुने शेतकरी निर्धास्त होत नसत. एप्रिल २०१६ व एप्रिल २०२१ मधील हिमाने कोत दॉरमध्ये मोठी हानी केली. २०१७ च्या एप्रिलअखेरीस शेतकऱ्यांनी एकजुटीने पहाटे ओला पेंढा जाळून शिवारावर धुराचे छत धरले. गोठलेल्या कोंबांवर सूर्याचे ऊन एकदम पडून ते करपू नयेत, हा त्यामागील हेतू होता. एका कुटुंबाच्या पेंढ्याने हे साधत नाही. शेजारच्या तुकड्यांतील सर्वांनी एकाच वेळी आग लावावी लागते.

जूनच्या पूर्वार्धात वेल फुलते. फुलोऱ्यापासून सु. शंभर दिवसांनी तोडणी, असा जुना आडाखा आहे. ह्या अवधीत वाढणारे कोंब तारांमध्ये उचलून धरणे, शेंडे खुडणे आणि भुरी व केवड्याविरुद्ध गंधक व तांबे फवारणे ही कामे पाठोपाठ येतात. पावसाळी वर्षात पाऊस धुऊन नेईल तितक्या वेळा फवारणी पुन्हा करावी लागते. उतारावरून वाहून गेलेली माती पूर्वी पाठीवरील टोपल्यांतून परत वर चढवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर वेलीच्या ओळीवरून चालणारा उंच ट्रॅक्टर आला आणि घोडे गेले. १९७० नंतर तणनाशकांनी नांगरटही मागे टाकली. परंतु जमीन घट्ट होऊन निर्जीव होत असल्याचे ध्यानी आल्यावर अनेक कुटुंबे पुन्हा नांगरटीकडे व काही ठिकाणी घोड्याकडेही वळली. गारपिटीवर मात्र खात्रीचा उपाय नाही. २०१२, २०१३ व २०१४ अशी सलग तीन वर्षे गारांनी पोमार व वॉल्ने यांच्या परिसरातील मळे झोडपले. ज्या कुटुंबाचे सर्व तुकडे त्याच पट्ट्यात होते, त्याचा आधारच गेला. विखुरलेली जमीन कामास गैरसोयीची असली, तरी अशा वेळी तीच विमा ठरते.

तोडणी व तळघर : तोडणीचा दिवस पूर्वी नगराधिकारी जाहीर करीत, त्याआधी तोडणे गुन्हा होता. उत्तम मळ्यांत अजूनही हाताने तोडणी करतात. आठ-दहा दिवसांसाठी बाहेरून माणसे येतात; घरचे, नातलग व जुने ओळखीचे मजूर एकाच टेबलावर जेवतात. तोडणी संपल्यावर होणाऱ्या मेजवानीस ‘पोले’ म्हणतात. म्यर्सो येथे १९२३ मध्ये पुनरुज्जीवित झालेली पोले विशेष प्रसिद्ध आहे.

पांढऱ्या वाइनसाठी घड लगेच दाबून रस काढतात व तो ओक लाकडाच्या पिंपांत आंबवितात. तांबड्या वाइनसाठी मणी सालीसकट उघड्या पात्रांत घालतात, कारण रंग व टॅनीन सालीत असतात. किण्वन सुरू झाले की, कार्बन डाय-ऑक्साइडमुळे सालींचा थर वर येतो. तो दिवसातून एकदोनदा खाली दाबावा लागतो. पूर्वी माणसे पात्रात उतरून तो पायांनी तुडवीत. ह्या वायूने गुदमरून माणसे दगावत असत; म्हणून खाली उतरण्यापूर्वी मेणबत्ती सोडून ती विझते का, ते पाहत. थंड वर्षात साखर कमी भरल्यास रसात साखर मिसळतात. १८०१ मध्ये ह्या पद्धतीचा शास्त्रीय पुरस्कार करणाऱ्या शाप्ताल ह्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले आहे. दोनतीन आठवड्यांनंतर वाइन २२८ लिटरच्या पिंपांत जाते. तेथे मॅलिक अम्लाचे सौम्य लॅक्टिक अम्लात रूपांतर होते. बाष्पीभवनाने पिंपात पडलेली पोकळी दर काही दिवसांनी भरून काढतात, नाहीतर हवेच्या संपर्काने वाइन आंबट होते. एक ते दीड वर्षाने ती बाटलीत भरतात.

अर्थव्यवहार : गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तांबड्या वाइनसाठी हेक्टरी सु. ४० हेक्टोलिटर उत्पादनाची मर्यादा असते, म्हणजे सु. १७ पिंपे किंवा ५,३०० बाटल्या. सप्टेंबरात तोडलेल्या पिकाचे पैसे हाती येण्यास पुष्कळदा दोन वर्षे लागतात. तोपर्यंत मागील पीक पिंपांत, त्याआधीचे बाटल्यांत व पुढचे वेलीवर असते. सर्व भांडवल असे अडकल्यामुळे पैशाची तातडीची गरज असलेले कुटुंब आजही काही पिंपे पेढ्यांस विकते. हिमाने वा गारांनी एक पीक बुडाले, तर त्याची झळ त्या वर्षी नव्हे, तर तळघर रिकामे होते त्या पुढील वर्षांत पोहोचते.

वारसाचा प्रश्न : ज्या समान वाटणीने लहान मालक निर्माण केले, तीच आज त्याच्यापुढील मोठी अडचण आहे. मळा चालविणारे अपत्य बहुधा एकच असते, परंतु वाटा सर्व भावंडांचा असतो. जोवर जमीन स्वस्त होती, तोवर मळ्यातील उत्पन्नातून भावंडांचे वाटे हप्त्याहप्त्याने चुकते करता येत. जगभर बर्गंडीच्या वाइनची मागणी वाढल्यावर सर्वोच्च श्रेणीच्या मळ्यांचे भाव हेक्टरी अनेक दशलक्ष यूरोंवर गेले आणि वारसाकर व वाटे हे दोन्ही ह्या भावाने मोजले जाऊ लागले. वाइनच्या विक्रीतून ही रक्कम एका आयुष्यात उभी राहत नाही. १९७० च्या कायद्याने कुटुंबास जमीन भागांच्या स्वरूपात सामाईक ठेवून ती एका वारसास दीर्घ पट्ट्याने देण्याची सोय केली. अनेक दोमेन त्यामुळे टिकली. परंतु मळ्यात न राबणाऱ्या भागधारकांची संख्या पिढीगणिक वाढते आणि त्यांच्यातील मतभेद विक्रीस कारण होतात. क्लो दे लांब्रे २०१४ मध्ये व क्लो द तार २०१७ मध्ये मोठ्या उद्योगसमूहांच्या धन्यांकडे गेले. क्लो द तार हा साडेसात हेक्टरांचा मळा ११४१ पासून तोवर केवळ तीन मालकांकडे, म्हणजे एका जोगिणींच्या मठाकडे व त्यानंतर दोन कुटुंबांकडे, होता. फायलोझेरानंतर जमीन शहरी मालकाकडून कष्टकरी कुटुंबाकडे आली. उत्तम मळ्यांच्या बाबतीत हा प्रवाह आता उलटा वाहू लागला आहे.

बदललेले ऋतू : बोन येथील चर्चच्या हिशेबवह्यांत तोडणीच्या मजुरांना दिलेल्या वेतनाच्या नोंदी आहेत. त्या व नगराचे दप्तर यांच्या आधारे १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखांची मालिका संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तीनुसार १९८७ पर्यंत तोडणीचा आरंभ सरासरीने २८ सप्टेंबरला होत असे. १९८८ पासून तो सरासरी १३ दिवस अलीकडे आला आहे. २००३ व २०२० ह्या वर्षी तर ऑगस्टमध्येच तोडणी सुरू झाली. पिकात साखर भरेना ही जुनी चिंता मागे पडून अम्लता टिकेना ही नवी चिंता पुढे आली आहे. उबदार हिवाळ्यामुळे डोळे लवकर फुटतात, परंतु एप्रिलचे हिम पूर्वीच्याच तारखांना येते. म्हणून उष्ण होत जाणाऱ्या हवामानातही हिमाचे नुकसान घटलेले नाही. छाटणी मुद्दाम उशिरा करणे, पाने कमी खुडून घडांना सावली ठेवणे, उष्णता सोसणारे खुंट वापरून पाहणे, असे उपाय योजले जात आहेत.

लहान दोमेनचे खरे भांडवल म्हणजे विशिष्ट तुकड्याविषयी कुटुंबात साठलेले ज्ञान होय. कोणत्या ओळीत पाणी साचते, कोणता तुकडा शेवटी पिकतो, हे वडिलांकडून मुलाकडे किंवा मुलीकडे येते. जमीन तीच असली, तरी तिच्यावरील ऋतूंच्या तारखा सरकल्यामुळे ह्या ज्ञानाची नव्याने पारख करावी लागत आहे. उशिरा पिकणारे, पूर्वी दुय्यम समजले जाणारे उंचावरील थंड तुकडे आता मोलाचे ठरू लागले आहेत आणि त्यांतील काही अजूनही शेतकरी कुटुंबांच्या आवाक्यात आहेत. दोमेनचे पुढील स्वरूप वेलींइतकेच वाटणीच्या कायद्यावर आणि जमिनीच्या भावावर अवलंबून राहील.